धवलारणीचा फेर

"कोन रायला गो?"

फेर धरण्याआधी ती हा प्रश्न विचारायची. डावा हात कमरेवर, उजवा पुढं केलेला, आणि नजर अंगणाच्या कडेकडेनं फिरत असायची. भिंतीला टेकून बसलेली नवी सून, लेकराला पाजत बसलेली कुणी, नवरा गेल्यापासून चारचौघीत मागं मागं राहणारी एखादी, सगळ्या तिला बरोबर दिसायच्या. "तू काय पावनी हायस?" असं म्हणत ती एकेकीला दंडाला धरून उठवायची. ढोलकीवाला थापा मारून कंटाळायचा, पण शेवटची बाई आत आल्याशिवाय हिचा पाय काही उचलायचा नाही.

गौरीचा फेर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, एकसारखी लुगडी नेसून हसत नाचणाऱ्या मुलींचा, तर तो आधी विसरून जा. खाडीकडच्या गावात गौरी जायच्या दिवशी दुपारपासून बायका अंगणात उतरतात. हातात हात, पाठी वाकलेल्या, आणि गाणं एकीनं सांगायचं नि बाकीच्यांनी झेलायचं. कोण कशी दिसते याची कुणालाच पर्वा नसते. वर्षभर मिठागरात आणि शेतात वाकलेल्या पाठी त्या दिवशी देवापुढं वाकतात, एवढाच काय तो फरक.

माझं पेणला मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. कासू स्टेशनवरून खाडीच्या अंगाला गेलं की तिचं गाव. ती तिथली धवलारीण. आमच्याकडं आगरी लग्नात भटजी येतो, मंगलाष्टकं म्हणतो आणि जेवून जातो. पण मांडवात उंबराची फांदी रोवण्यापासून नवरीच्या अंघोळीपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गाते ती धवलारीण. देवांना लग्नाचं आवतण तिच्या तोंडून जातं. ती आली नाही तर नुसतं जेवण झालं, लग्न झालं नाही, असं म्हातारी माणसं बिनदिक्कत सांगायची.

मला ती भोंगेवाला म्हणायची. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. "ए भोंगेवाल्या, तुजा तो डबा बंद कर. देव काय बहिरा हाय?" असं सगळ्या मांडवासमोर बोलायची आणि बायका फिदीफिदी हसायच्या. मला राग यायचा. चांगला नवा माइक आणला होता मी. पण तिचा धवला सुरू झाला की शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही शब्द न शब्द ऐकू जायचा, तेव्हा मी गुमान जाऊन खांबाला टेकायचो.

नवरा मिठागरावर कामाला होता, तो लवकर गेला. एक मुलगी, मंदा. विधवा असली तरी मांडवात तिचा मान पहिला. हळदीला मात्र तिचा हात चालत नसे. ती गायची आणि हळद सवाष्णी लावायच्या. याचं तिला वाईट वाटत असेल का, असं मी एकदा बायकोला विचारलं. बायको म्हणाली, तिलाच विचारा. माझी काही छाती झाली नाही.

आता गावकीबद्दल सांगतो. शहरातल्या माणसाला गावकी म्हटलं की एकोपा वगैरे आठवतो. आठवू दे बिचाऱ्यांना. उधाणाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीला मातीचा बांध असतो आणि तो राखायला घरटी एका माणसानं जायचं, हा गावकीचा नियम. नियम चांगलाच होता. पण भागात कंपनी आली आणि पोरं शिफ्टला जाऊ लागली. हिच्या शेजारच्या हिराबायचा नवरा शिफ्ट सोडून बांधावर आला नाही. बैठकीत बोलावलं तर म्हणाला, "कंपनी तुमची वाट बगत थांबत नाय." झालं. घर वाळीत पडलं. त्यांच्याशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर एकत्र पाणी भरायचं नाही. जो बोलेल त्याला दंड.

त्यानंतरच्या गौरीत मी गावात होतो, देवळासमोर भोंगे लावायला. अंगणात बायका जमल्या. हिनं नेहमीप्रमाणे हात पुढं केला आणि विचारलं. बायका खाली बघायला लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "सगल्या हाव, काकी. धर फेर."

"सगल्या कुटं? हिरा नाय."

"काकी, ती वाळीत हाय."

"गावकीनं तिला गावातून काडली. गौरीनं काडली काय?"

एवढं बोलून ती हिराबायच्या ओट्यावर गेली. हिराबाय नको नको म्हणत होती, रडत होती. हिनं तिचं काही ऐकलं नाही. हाताला धरून आणली, आपल्या शेजारी उभी केली आणि पाय उचलला. काही बायका फेर सोडून घरी गेल्या. ज्या राहिल्या त्या नाचल्या. गावकीचा अध्यक्ष देवळाच्या पायरीवर उभा राहून बघत होता, कोण गेली आणि कोण राहिली.

राहिलेल्या बायकांच्या नवऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी माफी मागून टाकली. हिचा नवरा नव्हता, त्यामुळं तिलाच बैठकीत उभं केलं. देवळात नारळ ठेव आणि चुकले म्हण, एवढीच अट. एवढीच, हा अध्यक्षाचा शब्द. तो मला नंतर अगदी समजूतदारपणे सांगत होता.

"नारल ठेवते," ती म्हणाली. "पन चुकले कोनाला सांगू? फेर गौरीचा. गौर आली आणि गेली, तिनं तर काय म्हटला नाय."

तिचं घर वाळीत पडलं.

आणि आता ऐका, तुम्हाला कदाचित खोटं वाटेल. शिमग्याला हिराबायच्या नवऱ्यानं दंड भरला, नारळ ठेवला, चुकलो म्हणाला, आणि ते घर गावात परत आलं. दोन्ही घरांच्या मध्ये एक तुळशीचं वृंदावन होतं. एका बाजूला वाळीत टाकलेली बाई, दुसऱ्या बाजूला वाळीतून सुटलेली. ती हिच्याशी एक शब्द बोलली नाही. मी हिराबायला दोष देत नाही असं लिहायला हवं, म्हणजे मी मोठ्या मनाचा दिसेन. पण मी देतो. तिची लाचारी मला कळते आणि तरीही देतो.

लग्नं थांबली नाहीत. दुसऱ्या गावची धवलारीण काही दिवस आणली, तिला यांच्या गावचे देव नीट ठाऊक नव्हते. मग बँजो आला, कॅसेटी आल्या. हळदीला पोरं बेभान नाचायला लागली. कुणी कुणाला आत बोलवायची गरज उरली नाही. माझा धंदा दुप्पट झाला, खोटं कशाला बोलू. वाळीत टाकणाऱ्यांच्या मांडवात मी खुर्च्या मांडत होतो आणि येताजाता तिच्या ओट्यावर चहा पीत होतो. मी परगावचा, मला दंड नव्हता.

मंदाचं लग्न ठरलं, रोह्याजवळ वरश्याला. मंदाची आई स्वतः पेणला दुकानात आली.

"मोटा मांडव घाल, भोंगेवाल्या. अंगन सगला झाकला पायजे."

मी म्हणालो, "काकी, एवढा मोठा कशाला? कोण येणार आहे?"

"येतील. पुरुष नाय येनार, त्यांचा सोड. बायका येतील. एकेकीचा लगीन मी लावलाय. माज्या पोरीला हलद लावाया पाच जनी नाय मिलनार काय?"

तिचा एवढाच जीव अडकला होता. मंदाच्या अंगाला पाच सवाष्णींचे हात लागावेत आणि त्या तिच्याच गावच्या असाव्यात. माझी बायको यायला तयार होती, तसं मी सुचवलंही. ती म्हणाली, "तुजी बायको आली तर पावनी. मना गावच्या पायजेत."

हळदीच्या दिवशी मांडव उभा राहिला. जातं धुऊन पुसून ठेवलेलं, पाटाखाली रांगोळी, पाटावर मंदा. अंगण झाकेल एवढ्या मांडवात ती, मंदा, मी आणि माझी दोन माणसं. समोरच्या दारांत बायका उभ्या होत्या. चेहरे दिसत होते, एकीच्याही डोळ्यांना पाणी नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण उंबरा कुणी ओलांडला नाही. हिराबाय हंडा घेऊन तिथूनच गेली. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. ती मान खाली घालून गेली आणि परत येताना लांबच्या वाटेनं आली.

दुपार कलली. वरश्याची माणसं लग्नाला मुक्कामी येऊन पोहोचायची वेळ झाली. मग ती उठली, हळदीची वाटी हातात घेतली.

मंदा म्हणाली, "आये, तुजा हात चालत नाय."

"आज चालल."

तिनं पोरीला हळद लावली. कपाळाला, गालांना, पायांना, सगळीकडं, पाच जणींनी लावली असती तेवढी. लावताना धवला म्हणत होती. मग वाटी खाली ठेवली, मंदाला पाटावरून उठवलं आणि दोघींनी फेर धरला. दोन माणसांचा फेर कधी पाहिलाय तुम्ही? गोल होत नाही तो. त्या दोघी एकमेकींचे हात धरून वाकत होत्या, उठत होत्या, आणि समोरच्या दारांत गाणं ठाऊक असलेल्या बायका उभ्या होत्या. त्या दिवशी तिनं कोण राहिलं म्हणून विचारलं नाही. मला त्या गावाची किळस आली. अजून येते.

वरश्याची माणसं आली ती हे बघतच उभी राहिली. मंदाची सासू शहाणी बाई. दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर पाठवणीच्या वेळी ती हिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "इहीनबाय, घराला कुलूप लावा नि चला आमच्यासंगती." नवरीबरोबर तिची आई सासरी जाते, हे आमच्या भागात कुणी ऐकलेलं नाही. ती गेली.

रोह्याला कामाला गेलो की मी वरश्याला डोकवायचो. नव्या इमारतीत जावयाची खोली होती. ती गॅलरीत बसलेली असायची. नवरात्रात खाली बायकांचा गरबा चालायचा. मी म्हटलं, "काकी, तुम्ही नाही उतरत?"

"हितं बरा हाय," ती म्हणाली. "ज्याला नाचायचा तो नाचतो, दमला का बसतो. कोन कोनाकडं बगत नाय."

हे तिला आवडलं होतं की नव्हतं, ते मला कळलं नाही. मग ती गावची चौकशी करायची. कुणाची पोर उजवली, कुणाला नातू झाला, बांध कुठं फुटला. हिराबायच्या मुलाचं लग्न झालं का, हेही विचारायची. झालं म्हटल्यावर म्हणाली, "हलदीला कोनता गाना वाजवलास?" मी सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि आम्ही दोघं हसलो. एका पावसाळ्यात ती गेली. मंदाच्या नवऱ्यानं मला कळवलं म्हणून मी बाराव्याला जाऊन आलो. गावाला कळवायला कुणी गेलं नाही, जाऊन करायचं काय होतं?

पुढच्या उन्हाळ्यात अध्यक्षाच्या नातीचं लग्न निघालं. मी अंगणात मांडव घालत होतो. हिराबाय आणि आणखी चार-पाच जणी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. अध्यक्ष स्वतः माझ्याजवळ आला. खुशीत होता.

"मुलाकडचे जुन्या वलनाचे हायेत," तो म्हणाला. "धवल्याबिगर लगीन नको म्हनतात. काल देवलात बैठक घेतली. तिला माफ केली. दंड नाय, नारल नाय, सगल्यांनी हात वर केले. तू रोह्याला जातोस ना, निरोप सांग. गाडी पाठवतो म्हनावा."

मी म्हणालो, "ती गेली. गेल्या पावसाळ्यात."

"गेली?" त्यानं बायकांकडं पाहिलं. "आनि आमाला कोनी सांगितला नाय?"

"तिच्या घराशी बोलायचं नाही, असं ठरलं होतं ना तुमचं," मी म्हणालो.

ओट्यावर हिराबायचा हात तांदळात थांबला होता. बाकीच्या निवडत होत्या. अध्यक्षानं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मांडवाकडं एकदा बघून घेतलं.

"मंग आता धवलं कोन म्हनल?" त्यानं मला विचारलं.