साहेबांसाठी झाडून काढलेलं वावर

खाप्याजवळ आमचं संत्र्याचं वावर आहे. सातबारा आईच्या नावावर, कारण ते तिले तिच्या माहेरातून भेटलं. पण बाबा गावभर "माझं वावर, माझं वावर" करत फिरतात अन् आई फिरू देते.

मागच्या वर्षी आम्ही ठिबक बसवलं. संत्र्याचे आलेले सगळे पैसे त्यात टाकले, कारण त्यातले बरेचसे सरकार अनुदान म्हणून वापस देते. ऑनलाइन अर्ज मीच भरला, शहरातल्या माझ्या बेसाच्या रूमवर बसून! आता एकच काम उरलं होतं. कृषी खात्याचे साहेब येणार, वावरात लागलेले पाइप पाहणार आणि पाइपासोबत आईचा फोटो मोबाइलवरून चढवणार. फोटो नाही तर अनुदान नाही. बाबांनी त्या पैशावर बोअरची नवीन मोटर ठरवून पण टाकली होती.

त्या दिवशी मी सुट्टी घेऊन सकाळीच पोचली. बाबा साहेबांले गाडीवर घेऊन आले. वावर पाहाल तर काय चकाचक! गवत नाही, काडी नाही.

पाइप पण नाही.

"काका, ठिबक कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

बाबांचं तोंडच उतरलं. आई नवीन साडी नेसून झाडाखाली चुलीवर चहा मांडून राहिली होती.

"पाइप कुठी गेले वं?" बाबांनी तिले विचारलं.

"कोठ्यात ठेवले ना गुंडाळून. साहेब येऊन राहिले अन् ते काळे काळे पाइप पायात! कसं दिसते ते?"

"अवं, ते तेच पाहाले आले!"

"मंग तसं सांगावं ना. तुम्हीच म्हणलं, वावर चांगलं दिसलं पाहिजे."

साहेब काही हसले नाहीत. "मले अजून दोन गावं आहेत. पाइप दिसले नाही तर तसंच लिहावं लागन."

"चहा तर घ्याल ना जी?" आई म्हणाली.

"घेतो. चहा होईपर्यंत थांबतो."

आईनं चुलीतलं एक लाकूड हळूच बाहेर ओढलं! साहेबांनी पाहिलं, पण लगेच मोबाइलात डोकं घातलं. मग आईनं पदर खोचला अन् आम्ही तिघंही कोठ्याकडं पळालो. एक जण गुंडाळी सोडून राहिला, एक जण ओढून राहिला. आई चिखलात घसरली, उठली, पुन्हा ओढाले लागली. शेवटी बाबांनी जुनी मोटर चालू केली अन् झाडाझाडापाशी थेंब पडाले लागले.

बाबा केस नीट करून पाइपाजवळ उभे राहिले.

"काका, तुम्ही बाजूले व्हा. सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"हिच्या," बाबा हळूच म्हणाले.

आईचा अंबाडा सुटलेला, नवीन साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. "थांबा जी, तोंड धुवून येते."

"काकू, चहा उतू चालला," साहेब म्हणाले अन् फोटो काढला.

अनुदान आईच्या खात्यात आलं. घरी गेली तेव्हा मेसेज मीच तिच्या फोनवरून वाचून दाखवला, तर ती पहिले काय म्हणाली? "म्हणजे तसाच गेला वं तो फोटो?"

बाबांनी गाडीची चाबी उचलली. "जातो, मोटर घेऊन येतो."

"थांबा जरा," आई म्हणाली. "मी पण येते."