तेरवीची बांधी

बाबांना लकवा मारला तेव्हा आमच्या घरची ढोली, म्हणजे मोठी कणगी, धानानं भरलेली होती, आणि त्या धानाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या बाजारापासून आत. आमच्या भागात मुलानं शेती हातात घेतली की म्हातारा-म्हातारी एक बांधी आपल्याकडे ठेवून घेतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. बाबांनी बोडीखालची ठेवली होती. बोडी म्हणजे आमचा छोटा तलाव. त्याच्या पाण्यावर ती बांधी उन्हाळ्यातही पिकते. ही म्हातारपणाची सोय, असं सांगायला सगळे सांगतात. पण गावात तिला म्हणतात तेरवीची बांधी. तिचं धान म्हातारपणी खायचं नसतं. ते साठवायचं नाहीतर विकून पैसा बाजूला ठेवायचा, आणि आपण गेल्यावर तेराव्या दिवशी गावाला जेवू घालायचं. ज्याची तेरवी मोठी, त्याच्या घराचं नाव मोठं.

बाबा दोन-अडीच वर्षं खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं. पाठीला जखमा पडायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी हवेची गादी आणायला सांगितली आणि कूस बदलून द्यायला एक माणूस ठेवा म्हणाले. बाबांनी डाव्या हातानं ‘नाही’ केलं. वाकड्या तोंडानं जे बोलले ते फक्त वहिनीला समजलं. तिनं आम्हाला सांगितलं, “तेरवीत कमी पडंल म्हनतेत.”

तेव्हा कूस बदलायची कोणी, तर वहिनीनंच. दादा शेतात, आई वाळून काडी झालेली, मी भंडाऱ्याला सासरी. बाबा हाडापेरानं मोठे होते. त्यांना उचलून उचलून वहिनीची कंबर कायमची गेली. जुन्या लुगड्यांच्या घड्या खाली घालायच्या, त्या धुवायच्या, पुन्हा घालायच्या. ढोली खाटेला लागूनच होती.

बाबा गेले. तेरवी झाली. तीन तालुक्यांतले सोयरे आले. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. आचारी बाहेरून आणला होता. हात धुताना एक म्हातारे दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पोरानं बापाचं नाव काढलं!” दादाचे डोळे भरून आले. तो खोटं रडत नव्हता. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजोबा अंगठा लावत, बाबा सही करत, दादा दहावीपर्यंत गेला, मी बी.ए. झाले. मी हे अभिमानानं सांगते. गावात मला अजून कोणी कोणी ‘बीएवाली’ म्हणून चिडवतात, चिडवू देत. त्या बी.ए.चा घरासाठी खरा उपयोग झाला तो आई पडली तेव्हा.

आई मोरीजवळच्या शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. बरी झाली, पण वॉकर धरूनही कोणी तरी धरायला लागायचं. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. ती म्हणाली, “जावयाच्या घरी हागाले जाऊ काय?” विषय संपला. ती गावी गेली.

मी रविवारी जायची. दर वेळी उशाशी लोटा भरलेला, वर झाकण, आणि आईचे ओठ फुटलेले.

“माय, पानी काहून नाई पेत?”

“तहानच नाई लागत, बाई.”

मला पटलं नाही. बोडीकाठी जन्म गेलेली बाई, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घागरभर पाणी एकटी संपवायची. महिनाभरात ताप आला, लघवी लाल झाली. पुन्हा भंडारा, पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, पाणीच पोटात जात नाही, असंच चाललं तर किडनीवर जाईल. आणि गंमत अशी, की दवाखान्यात आई गटागटा पाणी प्यायला लागली. तिथं भांडं द्यायला सिस्टर होती.

घरी नेताना मी वहिनीला विचारलं. ती सरळ बोलली.

“पानी पेलं का उठा लागते. उठाचं तं मले हाक माराव लागते. माही कंबर त्याईले मालूम हाये. मनून पेतच नाई. अन् बाई, खरं सांगू? मी मामाजींचं केलं, कोनाले हूं म्हटलं नाई. दुसऱ्यांदा उचलनं माह्यानं होत नाई.”

मी तिला दोष दिला नाही. तिचं बरोबरच होतं. माणूस ठेवायला हवा होता, सकाळ-संध्याकाळ तरी. आणि माणूस ठेवायचा तर तो बाबांनंतर आईकडे आलेल्या बोडीखालच्या बांधीच्या पैशातूनच ठेवता येत होता. बाकीच्या शेतात दादाचं घर जेमतेम चालायचं.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. “आई, ते बांधी माह्या नावानं करून दे, बक्षीसपत्र. मी पाहून घेतो तुले. मी नाई पाहीन तं कोन पाहीन?”

आई अंगठा द्यायला तयारच होती. मी म्हटलं, थांबा, आधी विचारून येते.

भंडाऱ्याला माझ्या ओळखीचे एक वकील आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की बांधी आज कोणाच्या नावावर आहे? मी सातबारा काढला. बाबांच्याच नावावर! तेरवीला सगळा गाव जेवला, पण वारसांची नोंद करायची कोणाला सुचली नव्हती. वकील म्हणाले, “आता वारस तीन. आई, भाऊ आणि तुम्ही. तिघांचा सारखा हिस्सा. पुढे काय होतं तेही सांगतो. बहिणी भावाच्या नावे हक्कसोड करून देतात, साडी घेतात आणि जातात. मग आई म्हणते, मीही देते. त्यानंतर आईच्या हातात काय उरतं?”

मी विचारलं, कायदा नाही का म्हाताऱ्या माणसांसाठी? म्हणाले, आहे, चांगला आहे. मुलानं-मुलीनं सांभाळलं नाही तर एसडीओंकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो, खर्च मागता येतो. सांभाळायची अट लिहून जमीन दिली असेल आणि ती पाळली नाही, तर ते दान रद्दही करून घेता येतं. अट लिहिली नसेल तर अवघड. “पण मॅडम,” ते म्हणाले, “भांडणापर्यंत जायचंच कशाला? ज्या माणसाला सांभाळायचं आहे, सोय त्याच्याच हातात राहू द्या. तुम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोड करा. बांधी एकट्या आईची होऊ द्या. तिचा ठेका, म्हणजे खंडाचे पैसे, आईला मिळू द्या, आणि तिच्यानंतर कोणाला जाईल ते तिनं मृत्युपत्रात लिहावं. जिवंतपणी कोणालाही देऊ नये.”

मी गावी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. पडवीत दादा, मी आणि खाटेवर आई, वहिनी चुलीजवळ.

“माह्यावर इतकाच भरोसा का तुहा?” दादा तडकला.

“भरोसा हाये, दादा. पन तू दिवसभर शेतात, वहिनीची कंबर गेली. भरोशानं मायले मोरीपर्यंत नेता येते का?”

“अन् गावात काय म्हनतीन? पोरगा असून मायसाठी नोकर ठेवला!”

“तू नाई ठेवत. माय ठेवते, तिच्या धानानं.”

“ते तं आनखीनच खराब!”

आई मध्येच बोलली. “तुमी दोघं भांडून राहिले, अन् माही तेरवी? तुह्या बाबाची बुंदी साऱ्या गावानं खाल्ली. माही काय पोह्यावर करसान?”

मी बी.ए. आहे, वकिलाकडून शिकून आले होते, एसडीओ, अट, हक्कसोड सगळं सांगून झालं होतं. पण आईला कायद्याची भीती नव्हती, मरणाचीही नव्हती. पोह्यांची होती.

उत्तर वहिनीनं दिलं. ती चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली. सासूसमोर ती कधी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

“आत्याबाई, मामाजी बी पानी पेत नव्हते.”

दादानं मान वर केली.

“तुमाले कोनालेच मालूम नाई. मी लोटा तोंडाशी नेला का तोंड फिरवत. पहिले मले वाटे चव नसन लागत. मंग समजलं, माह्यासाठी. मले उचला लागू नये मनून. बाजूले ढोली भरली होती, अन् तो मानूस तहानेला पडून राये. मी तेरवीच्या दिवशी बुंदी नाई खाल्ली.” मग पदरानं नाक पुसून ती म्हणाली, “मले तुमची तेरवी वाढाची घाई नाई. तुमी पानी प्या. उचलाले कोनी आना, बस.”

दादा उठून अंगणात गेला. बैलांपुढे चारा टाकायला लागला. आईनं उशाशी असलेला लोटा जवळ ओढला.

“कोन येईन मंग उचलाले?” आईनं विचारलं.

शेजारची काकू येईल, मी म्हटलं. धिप्पाड बाई, रोवणीत आईच्याच ओळीत असायची. नवरा गेलेला, काम हवंच होतं.

“ते बोलते लय.”

“तुले ऐकू कमी येते. जमंल.”

आई हसली. दादा अंगणातूनच ओरडला, “कधी जाचं हाये पवनीले, ते सांगा.”

त्यानंतर जे झालं ते सगळं चकरांचं काम. तलाठ्याकडे वारस नोंद, मग पवनीला रजिस्ट्री. आईला ऑटोत उशा लावून नेलं. तिथल्या बाबूनं कागद वाचला आणि मला विचारलं, “भावाच्या नावे ना?”

“आईच्या.”

त्यानं पुन्हा दादाकडे पाहून विचारलं, “तुमचाबी हिस्सा आईच्या नावे?”

“हो ना भाऊ, आता बहीण बीए झाली तं काय करता!” दादा म्हणाला, आणि सही केली.

फेरफार होऊन आईच्या एकटीच्या नावाचा सातबारा हातात आला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. त्या दिवसापासून तिचं बोलणं जरा बदललं. दादाच ती बांधी ठेक्यानं करतो, तेही लिहून घेतलेलं आहे. “माह्याच मायचा मी ठेकेदार,” असं तो बाजारात सांगतो आणि लोक हसतात. आई त्याला सुनावते, “बांध नीट घाल, नाईतर पुढच्या साली दुसऱ्याले दीन.” खरेदी केंद्रावर धान गेलं की ठेक्याचे पैसे आईच्या खात्यात जातात आणि त्यातून काकूला महिना दिला जातो. बोडीत पाणी कमी असलं आणि उन्हाळी धान झालं नाही, की थोडं कमी पडतं. ते मी घालते. लोक बोलले, सहा-आठ महिने बोलले. मग गावातल्याच एका घरून मला विचारणा आली, तुमच्या वकिलाचं नाव काय म्हणून.

मृत्युपत्र करायला वकील स्वतः गावी आले. आई म्हणाली, “बांधी सुनेच्या नावानं लिवा.”

दादा चमकला. “अन् मी?”

“तू तिच्याच घरात रायतेस ना?”

माझा हिस्सा मी आधीच सोडला होता, आणि बांधी वहिनीला जाणार हे ऐकून मला बरंच वाटलं. वहिनी चहा ठेवते म्हणून आत गेली. चहा यायला फार वेळ लागला.

शेवटी आई म्हणाली, “अन् बुंदी लिवा.”

“आजी, मृत्युपत्रात बुंदी नसते लिहीत.”

“काहून नसते? माह्या बांधीचं हाये ना?”

त्यांनी लिहिलं. तेरवी घरच्यापुरती करावी, गोड बुंदीचे असावे. ढोलीत पोतंभर धान त्यासाठी बाजूला ठेवलेलं आहे, त्याला मात्र आई कोणाला हात लावू देत नाही.

काकू सकाळी येते, दुपारी एक चक्कर मारते, संध्याकाळी पुन्हा येते. बोलते लयच. खाटेजवळ भांडं लावलेली खुर्ची आहे, गादीही आणली. वहिनी कमरेला पट्टा बांधून हिंडते-फिरते, पण कोणाला उचलत नाही.

बोडीखालची बांधी माझ्या आईच्या नावावर आहे. तिचं धान आई जिवंत असताना आईसाठी खर्च होतं. आई पोटभर पाणी पिते.