वरची उजवी पहिली दाढ

वसतिगृहाच्या फाटकावरच्या पहारेकाकांनी ठमीची पिशवी तपासायला आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"हे काय भरलंयस?"

"दाढा," ठमी म्हणाली.

"कुणाच्या?"

"मी केलेल्या. मेणाच्या आहेत काका, चावत नाहीत."

काकांनी एक दाढ दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि जपून परत ठेवली. हिवाळ्याची सुट्टी संपायला अजून तीन दिवस होते. सगळी इमारत कुलपात होती. "बाकीच्या पोरी सोमवारी येणार. तूच एवढी लवकर?"

"शनिवारी परीक्षा आहे. नापास झालेल्यांची." हे सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला, मान मात्र गेली नाही.

ठमी हे तिचं घरातलं नाव. उंची बेताची आणि हट्ट बेताबाहेरचा, म्हणून ठमी. दातांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होती. तिथे कुणाच्या तोंडाला हात लावायच्या आधी मेणाचे दात कोरायला शिकवतात. परीक्षेत प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत जो दात लिहिलेला असेल तो मेणाच्या ठोकळ्यातून दीड तासात कोरून द्यायचा.

सुट्टीच्या आधी झालेल्या परीक्षेत ठमीला चिठ्ठी आली होती, 'वरची उजवी पहिली दाढ'. तिने अशी काही दाढ कोरली की शेजारचा मुलगा स्वतःची सोडून तिचीच बघत बसला. परीक्षक मॅडमनी ती फिरवून फिरवून पाहिली. "या वर्षात इतकी सुबक दाढ मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. ठमी फुलून गेली. मग मॅडम म्हणाल्या, "पण ही डावी आहे."

सुबकपणाला गुण नव्हते. मागितली उजवी, दिली डावी, म्हणजे शून्य. सुट्टी संपता संपता एक फेरपरीक्षा, आणि त्यातही घसरली तर पुढच्या वर्षी नव्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्या बाकावर.

ती घरी गेली तेव्हा वडिलांनी गल्लीभर करून ठेवलं होतं, आमची डॉक्टरीण येतेय म्हणून. वडिलांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दाढी करायला बसलेली माणसं साबणाच्या फेसातून आ वासून तिला दात दाखवायला लागली. शिकायला लागून सहा महिनेही झाले नव्हते. बिचारी गंभीर चेहऱ्याने आत डोकावायची, "गूळ कमी खा" म्हणायची. दोन दिवस तिने हे सोंग निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं.

वडील रागावले नाहीत. हातातला वस्तरा पुसत म्हणाले, "बस खुर्चीत. माझ्यासमोर करून दाखव."

ठमी बसली. आरशासमोर तोंड उघडलं, आपली उजवीकडची दाढ नीट पाहिली आणि कोरायला लागली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पाहिलं. वडील मागे उभे राहून बघत होते.

"थांब. कुठे बघून करतेस?"

"आरशात. माझीच दाढ बघून करते. पहिल्यापासून अशीच करते. परीक्षेतही डोळ्यांपुढे आरशातलीच होती."

वडील जे हसायला लागले ते खुर्चीची पाठ धरून हसले. ठमीचा असा संताप झाला की तिने कोरणी खाली आपटली.

"अगं, आरसा गिऱ्हाइकासाठी असतो!" वडील डोळे पुसत म्हणाले. "कारागिराने डोक्याकडे बघायचं. मी शिकत होतो ना, तेव्हा आरशात बघून एकाचा भांग नेमका उलटा पाडला. माझ्या उस्तादांनी महिनाभर माझी खुर्ची आरशाकडे पाठ करून ठेवली."

बाकीच्या मुलांनी पुस्तकातली चित्रं बघून दाढा कोरल्या होत्या. त्यांच्या दाढा ओबडधोबड निघाल्या, पण बाजू चुकली नाही. ठमी तीन वर्षांची असल्यापासून त्या बाकावर बसून वाढली होती. गल्लीतली निम्मी माणसं तिने आधी आरशात पाहिली आणि मग रस्त्यावर ओळखली. आरशावर इतका आंधळा विश्वास वर्गात दुसऱ्या कुणाचा असणंच शक्य नव्हतं.

वडिलांनी खुर्ची गर्रकन फिरवली. ठमीचं तोंड रस्त्याकडे आलं.

"आता बोटाने बघ. नाहीतर जिभेने. डोळ्यांनी फक्त मेण बघायचं."

पहिल्या अकरा दाढा वाया गेल्या. त्यातल्या निम्म्या थंडीने मारल्या. गार मेण कापलं जात नाही, त्याचे तुकडे उडतात. शेवटी ती ठोकळा स्वेटरच्या आत काखेत धरून आधी ऊब देऊ लागली. दुकानात केस आणि मेणाचा भुगा एकाच झाडूने निघायचा. वडील प्रत्येक दाढ हातात घेऊन, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या तोंडात घालून ताडून बघायचे.

"माझ्याशी जुळत नाही."

"बाबा, तुमची किडलेली आहे."

"मग आधी सांगायचं होतंस," असं म्हणून ते बोट सरकवून शेजारच्या दाढेवर ठेवायचे. विसाव्या दाढेपासून त्यांनी तक्रार बंद केली. एकतिसावी झाली तेव्हा ठमीने बॅग भरायला घेतली. आई म्हणाली, "राहा की आणखी दोन दिवस. एवढी काय पळतेस?" पण ठमीने ठरवलं होतं. कॉलेजातला गारठा वेगळा, टेबलं उंच, उजेड पिवळा. ज्या खोलीत हरली त्या खोलीच्या जवळ दोन दिवस आधी जाऊन बसायचं होतं तिला.

वसतिगृहाच्या खोलीत गादी गुंडाळलेली होती आणि सगळीकडे तीन आठवड्यांची धूळ. तिने आधी भिंतीवरचा आरसा उतरवून कपाटामागे ठेवला, मग झाडून काढलं. दोन दिवस तिने दुसरं काहीच केलं नाही. डोळे मिटून हात फिरवला तरी वरची उजवी पहिली दाढ निघेल, इथपर्यंत मजल आली.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत चौघंच होते. त्याच मॅडमनी चिठ्ठ्यांचा वाडगा पुढे केला. ठमीने चिठ्ठी उघडली.

'खालची डावी पहिली दाढ.'

एवढ्या दिवसांत ही दाढ तिने एकदाही कोरली नव्हती. बाकीचे तिघे कामाला लागले. ठमी नुसती ठोकळ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. ती उठली, हात स्वच्छ धुऊन आली आणि सरळ बोट तोंडात घातलं.

"हा काय प्रकार आहे?" मॅडम ताडकन म्हणाल्या.

"दाढ बघतेय मॅडम."

"परीक्षेत?"

"माझीच आहे."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. स्वतःच्या दाढेची नक्कल करू नये असं कुठल्याच नियमात नव्हतं. "बोट काढ," त्या म्हणाल्या. "इथे स्वच्छता पाळायची असते."

ठमीने बोट काढलं. जिभेला मात्र कुणी अडवू शकत नव्हतं. तिने जीभ डावीकडे नेली आणि सावकाश फिरवली. गालाकडे तीन टोकं, त्यांतलं मागचं सगळ्यांत बुटकं. जिभेकडे दोन, जास्त अणकुचीदार. एक टोक चाचपायचं, तेवढंच कोरायचं, मग पुढचं. वीस मिनिटं वाया गेली होती, ती तिने पाणीसुद्धा न पिता भरून काढली.

वेळ संपल्यावर मॅडमनी दाढ उचलली. प्लास्टरच्या जबड्यात डाव्या बाजूला एक जागा मोकळी होती, तिच्याशेजारी धरून पाहिली. एकदा फिरवली, पुन्हा धरली.

"मागची बाजू घाईत केलीस. खडबडीत आहे," मॅडम म्हणाल्या. "पण खालची आहे, डावी आहे, पहिली आहे. पास."

बाकीचे तिघे सामान आवरून निघाले. ठमी जागची हलली नाही. तिला रडू येत होतं आणि रडायला तिला अजिबात वेळ नव्हता.

"आता काय राहिलं?"

"मॅडम, आणखी एक ठोकळा मिळेल?"

"अगं, पास झालीस तू."

"हिच्यात झाले. पण वरची उजवी चुकले होते. ती तुमच्यासमोर बरोबर करायचीय. गुण नकोत."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पर्स काखोटीला मारली होती, ती पुन्हा टेबलावर ठेवली. खण उघडून नवा ठोकळा काढला आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "एक मिनिट जास्त देणार नाही."

"पंचवीस पुरतील," ठमी म्हणाली, आणि तिने कोरणी उचलली.