सुमी वर, मी खाली

१९८८ साल. मी बत्तीस वर्षांचा. खानापूरच्या पलीकडं, जंगलाला लागून आमचं गाव. सकाळी सातला फाट्यावर लाल बस यायची. माझ्याबरोबर बायको पार्वती, तिच्या कडेवर दीड वर्षाची सुमन म्हणजे आमची सुमी, एक ट्रंक आणि पोत्यात गुंडाळलेला माझा कोयता. कोयता बघून कंडक्टर चढू देईना. मी म्हणालो, कोयता खाली राहिला तर मी पण खाली. शेवटी त्यानं तो आपल्या सीटखाली सरकवला. आई फाट्यापर्यंत आली होती. रडली नाही. म्हणाली, "पोरीला झाडाखाली बसवून वर जाऊ नको बाबा." वडील खिडकीशी आले आणि म्हणाले, "परमुलखात चाललास. कुणापुढं मान खाली घालू नको." आईचं मला पाळता आलं नाही. पार्वती चार घरची धुणीभांडी करायची, मग पोर झाडाखालीच बसायची. वडिलांचं मात्र तंतोतंत पाळलं.

मी तिसरी पास. बेंगळूरातल्या आपल्या माणसांचा अंक निघतो, तो गावाकडं पण जातो म्हणाले, म्हणून लिहितोय. अक्षरं चुकली तर दुरुस्त करा. मी काय केलं ते मात्र दुरुस्त करू नका.

गावाकडच्यांनो, तुम्ही मला चढणारा म्हणून ओळखता. फणस उतरवायचे, माड साफ करायचे, कौलावर आलेली फांदी तोडायची. पायाला काथ्याचा वेढा आणि कमरेला कोयता, बाकी काही नाही. चढायच्या आधी खोडाला कोयत्याची पाठ मारायची आणि कान लावायचा. टणक वाजलं तर झाड धड. ढबढब वाजलं तर आतून पोकळ, चढायचं नाही. हे मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. मुळाकडं कुणी बघत नव्हतं. जंगलात मुळं कोण कापणार?

बेंगळूरला आलो तेव्हा राजाजीनगरात घराघराच्या अंगणात माड आणि रस्त्याच्या कडेला गुलमोहर. पाच-सहा वर्षांत तिथली माणसं मला 'मराठी अण्णा' म्हणून हाक मारू लागली. कानडी मी झाडावर बसून शिकलो. खालून बाई ओरडायची, स्वल्प आत, स्वल्प बाहेर, मी वरून म्हणायचो सरी, सरी, म्हणजे बरं, बरं. गावाकडच्या पावसात खोडाला शेवाळ धरायचं, पाय सरकायचा. इथं खोडाला खिळे, पाट्या, वायरी, आणि मुंग्या तेवढ्याच. तरी मला हे शहर सोपं वाटलं. झाडं बुटकी आणि माणसं भित्री. मी एकदासुद्धा पडलो नाही. हे मी सगळ्यांना सांगायचो, न विचारता सांगायचो.

आता सुमीचं. आपल्याकडं बाईनं झाडावर चढायचं नाही. बाई चढली की फळझाड वांझ होतं, असं म्हणायचे. मी पण म्हणायचो. सुमी नऊ वर्षांची असताना एका अंगणातल्या चिकूवर शेंड्यापर्यंत गेली. मी तिला उतरवली आणि मालकिणीसमोर दोन मुस्काटात दिल्या. पुढच्या वर्षी त्या झाडाला फांद्या वाकतील एवढे चिकू लागले. मीच उतरवले. ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

सुमी दहावीपर्यंत शिकली. आम्ही बेंगळूरच्या कडेला, आनेकलला दोन खोल्यांत राहायला गेलो. ती तिथल्या गारमेंटच्या कारखान्यात लागली, लग्न करून दिलं, वर्षात परत आली. तिशी ओलांडल्यावर एक दिवस म्हणाली, "अप्पा, दोरीवर चढायचं शिकवतात एका ठिकाणी. बायकांना पण. मी जातो." आपल्याकडच्या बायका 'मी जातो' म्हणतात, ते तिनं इथं वाढून पण सोडलं नाही. मी म्हणालो, "गेलीस तर माझ्याशी बोलू नको." ती गेली. दोन वर्षं एका घरात राहून आम्ही बोललो नाही. ती वाढायची, मी जेवायचो. काही सांगायचं झालं तर पार्वती सांगायची, "तुझा अप्पा मीठ मागतोय." मग पार्वती तापात गेली आणि मधलं माणूस संपलं.

त्यानंतर एकदा मी तिचं काम बघायला गेलो. खोटं कशाला सांगू, चूक काढायला गेलो. एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या सोसायटीत विलायती शिरीष होता. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि ही बाई अर्धा तास झाडाभोवती नुसती फिरतेय. फुटपाथची फरशी पहारीनं उचलली, खाली सळई खुपसली, वाकून मुळं बघितली. मला हसू आलं. मग तिनं वाळूची पिशवी बांधलेली बारीक दोरी फेकली, ती बरोबर दोन फांद्यांच्या दुबेळक्यातनं गेली. त्या दोरीनं जाड दोर ओढला आणि सुमी वर गेली. आडव्या फांदीच्या पार टोकाला जाऊन तिनं वाळकं लाकूड कापून खाली सोडलं. तिथं मी कधी गेलो नव्हतो. गेलो असतो तर हे लिहायला राहिलो नसतो.

खाली आल्यावर घाम पुसत म्हणाली, "काय अप्पा, झाड वांझ झालं?"

मी म्हणालो, "फळाचं झाड न्हाई ते."

ती मोठ्यानं हसली. दोन वर्षांनी ऐकलं ते हसू.

पुढं मी तिच्या टोळीत खालचा माणूस झालो. दोर धरायचा, फांद्या ओढायच्या, कुत्रीमाणसं लांब ठेवायची. टोळीत सुमी सोडून पाच बाया. सगळ्या मला अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायच्या. आमची लक्ष्मी, आनेकलजवळचीच, ती तर म्हणायची, "अज्जा, तुझ्या काळात दोर नव्हता, मग अक्कल कुठं बांधायचास?" मला ते आवडायचं. नव्या पोरींना शिकवायचं काम सुमीचं. तिचा पहिला नेम ठरलेला: फरशी उचलून मूळ बघायचं, आणि ते चढणारीनं स्वतः बघायचं. दुसऱ्याच्या शब्दावर चढायचं नाही. नव्या पोरीनं नेम मोडला तर ती त्या दिवशी तिला घरी पाठवायची.

दीड वर्षापूर्वी राजाजीनगरातलं काम आलं. एका घरासमोरचा गुलमोहर. मी बघताक्षणी ओळखला. त्याच्यावर मी वीस वर्षांत दहा-बारा वेळा तरी चढलो असेन. माझ्या हातचं झाड. टोळीतल्या पाची जणी होत्या, घरमालक होता, शेजारची माणसं जमली होती. मी सगळ्यांना सांगायला लागलो, इथं ही फांदी मी तोडली, तिथं ती. कोयत्याची पाठ मारली. टणक वाजलं.

सुमीनं पहार मागितली. फुटपाथ नवा होता, गुळगुळीत राखाडी फरशा. मालक म्हणाला, आत्ताच बसवल्यात, फोडू नका. सुमी म्हणाली, एकच उचलतो, परत बसवून देतो. आणि मी मधे पडलो. म्हणालो, "मी सांगतोय न्हवं धड हाय म्हणून? चाळीस वर्षं झाडं बघतोय. माझ्यापेक्षा ती सळई शाणी झाली काय?" लोक हसले. लक्ष्मी हसली नाही. सुमी हळू म्हणाली, "अप्पा, नेम हाय." मी पट्टा उचलला. म्हणालो, "तुला भ्या वाटत असंल तर सोड. मीच जातो." पट्टा कमरेला लावायला लागलो. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा, उजवा गुडघा वाकत नव्हता.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग जमलेल्या माणसांकडं बघितलं. माझ्या हातातला पट्टा काढून घेतला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी चढतो."

रस्त्याकडची जड फांदी तिनं कापली. फांदी खाली आली आणि झाडाचा भार घराकडं गेला. माझ्या पायाजवळची फरशी उचलली गेली. आधी एक, मग तिच्या शेजारची. मी ओरडलो. पण जिला दोरानं झाडाला बांधलंय ती झाड सोडून जाणार कुठं? दोर माणसाला झाडावरनं पडू देत नाही. झाडच पडलं तर तो काय करणार. गुलमोहर कंपाउंडच्या भिंतीवर आडवा झाला आणि सुमी भिंत नि फांदीच्या मधे.

खड्ड्यात बघितलं तर रस्त्याच्या बाजूला मूळच नव्हतं. नाला बांधताना कधीतरी सरळ रेषेत कापलेलं, वर फरशा घातलेल्या. करवतीच्या खुणा दिसत होत्या. एक फरशी उचलली असती तर दिसलं असतं.

सुमी जगली. कमरेखाली तिला काही कळत नाही. शुद्धीवर आल्यावर चौकशीला माणसं आली, मालक आला, टोळी आली. सगळ्यांना तिनं एकच सांगितलं, "चढणारी मी. बघायचं काम माझं. चूक माझी." टोळीतल्या बायांनी माझं बोलणं ऐकलं होतं, पण त्यांच्या नेमात खालच्या म्हाताऱ्याच्या बोलण्याला किंमत नाही. चढणारीचा निर्णय चढणारीचा. मी तिथंच उभा होतो. कानडी येत होतं, मराठी येत होतं. बोललो नाही.

गावाला एकदा गेलो मधे, भावाच्या दिवसांना. लोकांनी विचारलं, पोरगी काय करते? म्हणालो, झाडावरनं पडली. एक म्हातारा म्हणाला, "तरी सांगत होतो, बाईच्या जातीनं चढू नये." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तिथं पण गप्प बसलो. तुमच्यातल्या ज्यांनी ते ऐकलं त्यांना आज सांगतो. ती बाई होती म्हणून पडली नाही. ती बापाचं ऐकून चढली म्हणून पडली.

मला छत्तीस-सदतीस वर्षं वाटायचं की घर म्हणजे तिकडचं, इथं मी कामाला आलोय. आता तिकडं गेलो की दोन दिवसांत जीव घाबरा होतो. तिला कुशीवर कोण वळवेल, पाणी कोण देईल. घर म्हणजे आता आनेकलच्या त्या दोन खोल्या. दाराच्या उंबऱ्यावर मी सिमेंटचा उतार केलाय, खुर्ची जावी म्हणून. त्या घरात सुख आहे म्हणून ते घर, असं नाही. माझ्याशिवाय तिला भागत नाही आणि माझ्यामुळंच तिच्यावर ही वेळ आली, हे दोन्ही खरं असलेली दुसरी जागा मला ठाऊक नाही.

पाय गेल्याच्या दुःखापेक्षा सुमीला एका गोष्टीची आस मोठी होती. खुर्चीत बसून खालनं शिकवता येतं. दोर कसा बघायचा, गाठ, मूळ. नव्या पोरी येणार होत्या. ती रोज खाटेवर बसून गाठी मारायची आणि सोडायची.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी लक्ष्मी आली. खाली मान घालून बसली. मी चहा ओतत होतो. ती म्हणाली, "अक्का, शिकवायला दुसरी बाई ठरवली. पोरींचे आईबाप विचारतात. जिनं स्वतः फरशी उचलली नाही, ती आमच्या पोरींना काय शिकवणार, म्हणतात." मग मान वर करून म्हणाली, "याके अक्का? का नाही उचललीस? माझ्या चुकीबद्दल मला घरी पाठवलं होतंस तू."

सुमी म्हणाली, "चुकलं माझं."

लक्ष्मीनं कोपऱ्यातले टोळीचे दोर उचलले, खांद्यावर घातले. दारात माझ्याकडं एकदा बघून गेली.

मी सुमीला विचारलं, "खरं उघड का सांगत न्हाईस? मी अडवलं म्हणून."

सुमी भिंतीकडं बघत म्हणाली, "टोळीतल्या पोरी तुम्हांस्नी अज्जा म्हणत्यात, मान देत्यात. ते सोडून तुमच्याकडं दुसरं हाय काय, अप्पा?"

रागानं म्हणाली असती तर मी उलट बोललो असतो. तसं मला येतं. ती रागानं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिचं सगळं आवरलं, उशाशी पाणी ठेवलं, शेजारच्या बाईला बसवलं आणि आनेकलहून पहिली बस धरली. टोळी एचएसआरमध्ये एका पत्र्याच्या शेडजवळ सात वाजता जमते. नव्या चार पोरी होत्या, हेल्मेटचे पट्टे कसे लावायचे ते बघत होत्या. लक्ष्मी दोर मोजत होती. मी म्हणालो, "तप्पु नंदु." माझी चूक. कानडीत म्हणालो आणि मग मराठीत पण म्हणालो. सगळं सांगितलं. पट्टा मी कमरेला लावायला घेतला होता तेही.

लक्ष्मी म्हणाली, "दीड वर्ष झालं अज्जा. आम्ही तिथंच होतो, आम्हाला ऐकू आलं होतं. तुझ्या तोंडून यायला दीड वर्ष?"

तिनं नव्या पोरींकडं बघितलं. म्हणाली, "यांना माहीत नाही. यांना सांग. आणि यांच्या पुढच्या पोरींना पण येऊन सांगायचं. सांगशील?"

सुमीला परत बोलावणार का, ते ती बोलली नाही. मी विचारलं नाही. टोपी काढली, पोरींच्या समोर पालथ्या बादलीवर बसलो आणि त्या गुलमोहरापासून सुरुवात केली.