हवेला चुना

"काय काम करतेस, बाय?" असं मालकीण काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. हवेला चुना लावते. "आजपरेंत मानसांना लावनारे पायले व्हते," असं म्हणून त्यांनी गच्चीची किल्ली हातात दिली.

काम खरंच तेवढंच होतं. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडपासून दहा मिनिटांवर काकींची दुमजली इमारत आहे. तिची गच्ची आमच्या संशोधन केंद्राने भाड्याने घेतली होती. तिथे रॅकवर ट्रे मांडायचे आणि त्यांत विरवलेला ओलसर चुना पसरायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याचा खडू होतो आणि वजन वाढतं. ते वजन मी नागपूरच्या मुख्य प्रयोगशाळेला कळवायची. तळमजल्यावर स्टीलची भांडी बनवणाऱ्या शेजाऱ्याने एकदा काळजीने विचारलं, "मॅडम, हमारे हिस्से की हवा तो नहीं खींच रहे ना?" मी त्याला म्हटलं, अच्छीवाली सब आपकी.

पण प्रत्येक घाण्याचं वजन थोडं वाढायचं आणि तिथेच अडायचं. शेवटी प्रयोगशाळेतल्या साहेबांचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत आकडा वर गेला नाही तर गच्ची बंद, तुम्ही नागपूरला या. आम्ही नुकतंच लालबाग सोडून मिरा रोडला घर घेतलं होतं, लेक नव्या शाळेत कशीबशी रमली होती. मला नागपूरला जायचं नव्हतं. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी खेकसते. गच्चीच्या दारावर पाटी लावली: 'ट्रेला हात लावू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर काकी लांब दांड्याच्या लाकडी फळीने चुना ओढत होत्या. सहा ट्रे खालचे वर करून झाले होते.

"पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली. हात कुटं लावलाय? फली लावलीय."

मी नको ते बोलले. हे मीठ नाही काकी, शास्त्र आहे, असंही म्हणाले. काकींचं सासर मिठागरवाल्यांचं. खाजणात मीठ ओढण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. त्यांनी फळी थांबवली नाही. "मिठावर पन साय धरते. ती मोडली न्हाय तं खालचं तसंच ऱ्हातं. तुजा चुना उपाशी हाय, बाय."

मी तणतणत खाली आले. त्यांनी किती नासधूस केली ते साहेबांना कळवावं, म्हणून दोन दिवसांनी त्या सहा ट्रेंचे नमुने वाळवून वजन केलं. वाढ बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट भरली. काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा केलं, तरी तेच. वर खडूचा पापुद्रा धरत होता आणि खाली हवा पोचतच नव्हती. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून पासही झाले होते. मला माझीच लाज वाटली.

मग मीच काकींना रोज फळी फिरवायची विनंती केली. महिनाअखेर आकडा चढला. व्हिडिओ कॉलवर साहेबांनी विचारलं, "आयडिया कोणाची?" माझीच, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, हे कबूल करते. मग मोबाइल काकींकडे फिरवला. त्यांनी साहेबांना हात जोडले आणि चहाला बोलावलं. गच्ची राहिली. फक्त पद्धत नीट लिहून पाठवा, एवढंच साहेबांचं म्हणणं होतं.

मी वही घेऊन काकींपुढे बसले. किती वेळाने ओढायचं, किती खोल?

"लिवून न्हाय येत ते. मिठागर बंद झालं तवापासनं शिकायला कोन आलाच न्हाय," त्या म्हणाल्या आणि फळी माझ्यापुढे धरली. "घे. कंबरेतनं वाक, बाय."

मी वही बाजूला ठेवली आणि वाकले.