मावशीच्या भिंतीवरची साक्षीदार

“मी खोटं बोलून राहिले का? तिला इचारा!” असं म्हणून मावशी बोट वर करायची. नवखं गिऱ्हाईक माळ्यावर कोणी म्हातारी बसली असेल म्हणून वर बघायचं. तिथं विजेच्या दिव्याशेजारी एक जाडजूड पाल असायची.

औंढ्याला नागनाथाच्या देवळाजवळ मावशीची एकच खोली होती. पुढं नारळ-बेलाचं दुकान, मागं चूल. शेजारी आम्ही. मावशी एकटी, म्हणून लोक म्हणायचे, एखादं मांजर तरी पाळा.

“मांजराला दूध लागतं. पोपट दुसऱ्याचं उष्टं बोलतो. माझी सोनी आपलं आपण खाते अन् खरं तेवढंच बोलते.”

एका दिवाळीला चुना मारताना तिनं सगळ्या पाली झाडूनं हाकलल्या होत्या. ही एक शेपटी टाकून परत आली. “इतकं घर आवडतं तर ऱ्हा बाई,” म्हणून मावशीनं ठेवून घेतली.

बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं, हे तुम्हीही ऐकलं असेल. मावशी ते कायद्यासारखं पाळायची. आवाज आला की जमिनीवर बोट आपटून म्हणायची, “खरं हाय, खरं हाय.” एकदा एक बाई नारळ नासका निघाला म्हणून भांडायला आली. तेवढ्यात पाल चुकचुकली. मावशीनं निमूट दुसरा नारळ काढून दिला.

मी मॅट्रिक झाले. मला परभणीला कॉलेजात जायचं होतं. आमच्या घरात तोवर कोणी शाळाही पुरी केली नव्हती. धान्याच्या मोंढ्यात हमाली करणारे माझे बाबा एका संध्याकाळी दुकानात बसले होते. मावशी त्यांना माझ्यासाठी समजावत होती. मी दारात उभी.

“शिकून काय करंल, मावशी?” बाबा म्हणाले. “शेवटी चूलच फुंकायची.”

वरून आवाज आला. चुक्, चुक्, चुक्.

मग बाबांनीच जमिनीवर बोट आपटलं. “झालं. तुमच्या सोनीनंच सांगितलं.”

मला रडू फुटलं. मावशी भिंतीकडं बघत राहिली. मग उठली आणि पदर खोचला.

“तिला काय कळतं? जन्मात ही भिंत सोडून खाली उतरली न्हाई ती!”

“काल तर तुम्हीच म्हणत होता, खरं तेवढंच बोलते.”

“काल बोलली असंल. आज खोटं बोलली. पोरगी जाईल. मी सोबत जाते, जागा बघते. व्हय म्हणा.”

माझ्यासाठी मावशी आपल्या सोनीला खोटं पाडते आहे, हे बाबांना कळलं असावं. खाली मान घालून ते “व्हय” म्हणाले.

नंतर गावानं तिला पुष्कळ चिडवलं. “काहून मावशी, साक्षीदार फुटली व्हय?” ती हसायची, पण पुन्हा कधी तिनं वर बोट केलं नाही. गिऱ्हाइकाशी भांडण झालं की आपल्या तोंडानं भांडायची.

मी बी.ए. झाले, तेव्हा पेढा द्यायला मावशी नव्हती. आदल्याच वर्षी ती गेली.

मला ती आठवते ती परभणीच्या वसतिगृहात. श्रावणातला सोमवार, तिच्या धंद्याचा दिवस, आणि दुकान बंद ठेवून ती माझ्याबरोबर आलेली. खोलीत शिरताच तिनं आतून दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली, खांद्यानं दार ढकलून पाहिलं.

“घट्ट हाय,” ती म्हणाली. “शिक आता.”