बियाणाच्या माळा

मी लिहावं इतकं माझं काही मोठं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे चांगलं लिहिलेलं कसं असतं हे सांगणारंही घरात कोणी नव्हतं. शिवाय घरातली गोष्ट चारचौघांत मांडावी का, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. मराठीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, राग शांत झाला की लिही. मी उन्हाळ्यापासून वाट पाहतोय. राग शांत होत नाही, म्हणून आता आहे तसाच लिहितो.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. भात निघालं की त्याच जमिनीत आम्ही पांढरा कांदा लावतो. कांदा उपटून सुकला की बायका ओटीवर बसून पातीला पात गुंफत त्याच्या माळा करतात, एखाद्या पोरीची वेणी घालावी तशा. ही माळ रस्त्याच्या कडेला टांगून मांडव्याकडून येणाऱ्या गाड्यांना विकणं हेही बायकांचंच काम. व्यापारी घरी आला तर मात्र बोलणार बाप्ये. आई आत चहा टाकणार आणि तिच्या माळांचा भाव बाहेर ठरणार, असं मी लहानपणापासून पाहिलंय.

या वर्षी आईच्या बचत गटानं ठरवलं की माल व्यापाऱ्याला द्यायचा नाही. टेम्पो करायचा आणि पुण्याला एका शाळेच्या मैदानात दोन दिवसांची विक्री होती तिथे स्वतः जायचं. आई धंद्यासाठी घाट चढून कधी गेली नव्हती. तिनं बाबांना सांगितलं तेव्हा बाबा नाही म्हणाले नाहीत. ते काहीच म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर आईला भांडता तरी आलं असतं.

टेम्पो पहाटे निघाला. पुढे ड्रायव्हर आणि शेजारची काकी, मागे माळांच्या ढिगावर आई आणि बाकीच्या बाया. मी परीक्षा संपवून पनवेलच्या होस्टेलमधून नुकताच घरी आलो होतो. मी आईला म्हटलं, पोचलीस की फोन कर. तर काकी आतून ओरडली, "आमी काय पळून नाय चाललो रं, येताव परवा."

आईनं दुपारी फोन केला. मागून नुसता गोंगाट ऐकू येत होता.

"अरे, हितं लोक कांदा कच्चाच खाऊन बघतात. एक बाई सफरचंद खाल्ल्यागत उभ्या उभ्या खाऊन गेली."

"विकला जातोय का?"

"जातोय म्हंजे? काकीचा घसा बसला वरडून. बाबा जेवले का?"

मी हो म्हटलं. बाबा जेवले होते. ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरून तोंड पाडून आले होते आणि गपचूप जेवून परत बाहेर गेले होते. टपरीवर काय झालं ते मला नंतर माझ्या बहिणीनं सांगितलं. ती दूध आणायला गेली होती, तिच्यासमोरच झालं. एक जण बाबांना म्हणाला, "काय शेट, मालकीन पुन्याला न् तुमी चुलीवं?" दुसरा म्हणाला, "मंग आता हळदीकुंकवाला बी ह्यांनाच बोलवूया." सगळे हसले. बाबाही हसले म्हणे. मला त्या हसण्याचाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी कामासाठी अलिबागला गेलो आणि दुपारी परत आलो. पडवीत शिरलो तर वाशाला टांगलेल्या माळा नव्हत्या.

इथे सांगायला हवं. कांदा काढला की त्यातले सगळ्यात चांगले, गोल, घट्ट मानेचे कांदे आई निवडून बाजूला काढते. त्यांच्या वेगळ्या माळा करते, त्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधते आणि पावसाळाभर पडवीत वर टांगून ठेवते. भात निघालं की तेच कांदे जमिनीत लावायचे. त्यांना फूल येतं, फुलातून बी मिळतं आणि त्या बियांतून पुढचा कांदा. हे कांदे कोणी विकत नाही. विकणं सोडा, भाजीला घेत नाहीत, पाहुण्याला देत नाहीत, सासरी निघालेल्या लेकीलाही देत नाहीत. आमच्या भागात कोणाच्याही घरी विचारा, हेच सांगतील. बाबांना ते माहीत नव्हतं असं मी कितीही प्रयत्न केला तरी म्हणू शकत नाही. वर चढून ती चिंधी सोडल्याशिवाय माळ खाली येतच नाही.

बाबा ओटीवर विडी ओढत होते.

"बाबा, बियाणाच्या माळा कुठायत?"

"इकल्या."

"कोणाला?"

"गाडी आली व्हती. बंगलेवाली बाई. लई आवडल्या तिला."

"पण त्या बियाणाच्या होत्या."

"तीच इकते का? मला बी इकता येतं."

एवढं बोलून ते उठून गेले. मला हात उचलावासा वाटला. बापावर, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे. गरज असती तर मी समजलो असतो. गरज नव्हती. आई पुण्यात माल विकत होती त्याच वेळी त्यांना कुणालातरी, बहुतेक त्या टपरीला, दाखवायचं होतं की घरात विकणारा अजून मीच आहे. आणि दाखवायला त्यांनी नेमकं तेच काढलं ज्यावर आईचं पुढचं जाणं अवलंबून होतं. कांदाच नसला तर टेम्पो कशाला?

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला. सगळा माल संपला होता. मी माळांचं सांगितलं नाही. तिला विचारलं, परत कधी निघताय. ती म्हणाली, "उद्या. आवाज असा का येतोय तुझा? ताप हाय का?"

आई आली तेव्हा ऊन उतरलं होतं. टेम्पो नाक्यावर थांबला, बाया हसत उतरल्या. आईच्या पिशवीत बहिणीसाठी केसांच्या क्लिपा होत्या, मला बाकरवडी, बाबांना चपला. ती बोलतच पडवीत आली. घाटात टेम्पो तापला आणि सगळ्या खाली उतरून पाणी शोधत फिरल्या, एका म्हातारबुवांनी माळ गळ्यात घालून फोटो काढला, असं काय काय. बोलता बोलता तिनं पाणी प्यायला मान वर केली आणि थांबली.

"माळा कुनी काढल्या?"

बहीण माझ्याकडे बघायला लागली. बाबा चपला हातात घेऊन उभे होते.

"मी," बाबा म्हणाले.

"कवा?"

"काल."

आईनं तांब्या ठेवला. मला वाटलं आता ती ओरडेल. ती आत गेली आणि भात लावला. बाबांना वाढलंही. बाकरवडीचा पुडा बहिणीनं फोडला, तर आई म्हणाली, "दादाला दे आधी." त्या दोन दिवसांबद्दल मात्र ती परत एक शब्द बोलली नाही. कोणी विचारलंही नाही. घरी परत आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला एवढंही न विचारणारं घर असतं का? बाबा बाजारातून आले की आम्ही त्यांच्याभोवती बसायचो.

मी दोन दिवसांनी सायकल काढून त्या बंगल्यावर गेलो. बाई चांगल्या होत्या, मला बसायला सांगितलं, सरबत दिलं. मी माळांचं विचारलं तर म्हणाल्या, "अरे, त्या तर आम्ही मुंबईला बिल्डिंगमध्ये वाटल्या. काय गोड कांदा आहे तुमचा. बाबांना सांग हं, पुढच्या वर्षीही आम्हीच घेणार." मी सरबत अर्धं ठेवून निघालो. त्यांच्यावर रागवायला मला कारण नव्हतं, तरी रस्ताभर मी त्यांच्यावरही रागावलेला होतो.

मग कॉलेज सुरू झालं. मी होस्टेलवरून घरी फोन करायचो तो आईला. बाबांशी बोलायचो नाही, अजूनही मोजकंच बोलतो. पावसाळ्यात आईनं मला सांगितलं की ती गटाच्या बैठकीला जायचं बंद करणार आहे. "मालच नसंल तर बसून काय करू," म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवलो नाही. रूमवर येऊन सरांनी हे लिहायला म्हणून दिलेली वही काढली आणि पहिलं पान लिहून फाडून टाकलं.

भाताची कापणी झाली असेल असा हिशोब करून परवा मी घरी फोन केला. बहिणीनं उचलला. तिला धड बोलता येईना.

"दादा, काल गटातल्या सगळ्या आलेल्या आपल्याकडं. न सांगता. परत्येकीनं कांदे आनलेत."

"कसले कांदे?"

"बियानाचे. आपापल्या माळेतले. कुनी चार, कुनी पाच. काकीनं तर अख्खी माळ आनली."

मला खरंच वाटेना. मी दोनदा विचारलं. या बायांनी आपल्या पोरींनाही कधी बियाणाचा कांदा दिलेला नाही.

"आई काय म्हणाली?"

"रडली. मंग काकीवर वरडली, तुला काय कमी पडलं तर म्हनून. आता वावरात हाय ती."

"आणि बाबा होते का घरी?"

"व्हते. काकीनं माळ त्यांच्याच हातात दिली. म्हनली, भावजी, ही इकायची न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. कुदळ घेतली न् आईच्या मागं वाफे करायला गेले. आई अजून बोलत न्हाय त्यांच्याशी."